काझीरंगात वनखातं स्वतःच गवत पेटवतं, ते का?

संध्या_मिरज

नमस्कार मंडळी. मी मिरजेला माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. यंदा फेब्रुवारीत आम्ही काही शिक्षिका मिळून आसामला जाऊन आलो. काझीरंगात कोहोराच्या फाटकातून जीप आत गेली तेव्हा डाव्या हाताला हत्ती दिसेनासा होईल एवढं उंच गवत होतं आणि उजव्या हाताला नुसती काळी राख. राखेतून बोट-बोटभर हिरवे कोंब वर आले होते आणि एक गेंडीण पिल्लाला घेऊन ते खात होती. चालक म्हणाला, हे दरवर्षी वनखात्याची माणसंच पेटवतात, आणि जुलैत हीच जागा पाण्याखाली जाते.

आम्ही वर्गात मुलांना वणव्याचे तोटे शिकवतो, पाणथळ जागा जपा म्हणून सांगतो. आता पाणथळ जागाच मुद्दाम पेटवतात हे त्यांना कसं समजावू? वर्षातून एकदा जळायचं आणि एकदा बुडायचं, हे सोसून तिथे नेमकं काय उगवतं? आणि जाळणं बंद केलं तर काय होईल? कोणी त्या भागात काम केलं असेल तर जरूर लिहा.

डोंगरवाट

ताई, मला तरी हे पटत नाही. आम्ही पोरं दर उन्हाळ्यात सह्याद्रीत ओल्या फांद्या घेऊन वणवे विझवायला धावतो. दगडाखालचे साप-सरडे, जमिनीवरची अंडी, दोन-तीन वर्षं जगवलेली रोपं, सगळं डोळ्यांदेखत जातं. पुढच्या पावसात उघड्या उतारावरची माती वाहून जाते ती वेगळीच. तेच काम सरकारी खात्याने केलं की त्याला व्यवस्थापन म्हणायचं का? गेंड्याला कोवळा चारा मिळतो एवढं कारण पुरेसं नाही.

लोहितकाठ

संध्याताई, मी मूळची वाईची, पण आता बरीच वर्षं आसामात आहे. काझीरंगा, ओरांग आणि मानस इथल्या गवताच्या नोंदी घेणं हे माझं काम. ठरलेल्या जागी चौकट टाकायची, आत काय काय उगवलंय ते लिहायचं, आणि पूर ओसरला की पुन्हा त्याच चौकटीपाशी जायचं. त्यामुळे तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे, जरा लांबण लागेल.

आग चांगली की वाईट असं विचारलं तर या प्रदेशात उत्तर मिळत नाही. आग लागल्यावर किती दिवसांनी पाणी आलं, आणि पाणी आलं तेव्हा कोंब केवढा झाला होता, हे विचारलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

वर्षाचा क्रम असा. ऑक्टोबरात ब्रह्मपुत्रेचं पाणी उतरतं आणि मागे गाळाचा थर राहतो. त्या ओलीवर गवत थंडीपर्यंत हिरवं राहतं. डिसेंबरात तुरे झडतात आणि वरचा सगळा भाग वाळून कडक होतो. पण पाण्याची पातळी खाली फार खोल गेलेली नसते, माती ओलीच असते. म्हणजे जळण्यासारखं जे आहे ते वर आणि जगायचं ते खाली. या गवतांचे फुटवे जमिनीखालच्या खोडावर असतात. गवताची आग भरभर पुढे सरकते आणि दोन-तीन बोटं खालच्या मातीला तिची धग फारशी पोचत नाही. म्हणून तुम्हाला राखेतून कोंब दिसले. झाडाच्या कोवळ्या रोपाचा वाढता शेंडा मात्र नेमका ज्वाळेच्या उंचीवर असतो, ते जातं. ओल्या जमिनीवर आग कशी लागते याचंही उत्तर यातच आलं.

यानंतरचा भाग फारसा कोणी सांगत नाही. मार्च-एप्रिलमध्ये इथे वळवाचा पाऊस जोरात पडतो. बिहूच्या सुमारास येणाऱ्या वादळाला लोक बोर्दोइसिला म्हणतात. त्या पावसावर जानेवारीत जळालेली नळ आणि इकरा ही उंच गवतं अशी काही उसळून येतात की जून अखेरीस पहिला पूर चढतो तोवर ती माणसाच्या डोक्यावर गेलेली असतात. पाणी चढलं तरी शेंडे बाहेर राहतात, आणि त्या पोकळ कांड्यांतून हवा खाली मुळांपर्यंत जात राहते. पुरात गवत जगतं ते या हवेवर. आता हीच आग एप्रिलच्या मध्यावर लागली असं धरा. कोंब गुडघाभर असतानाच पाणी येतं, त्यांच्या वर चढतं आणि आठवडेच्या आठवडे हलत नाही. हवेची वाट बंद झाली की चिखलातलं खोड गुदमरतं, कुजतं. आगीने ते मेलेलं नसतं आणि नुसत्या पुरानेही मेलं नसतं. अशा पट्ट्यांत पुढच्या थंडीत मला गवताऐवजी उघडा चिखल आणि तण भेटतं.

आता तिथे कोण उगवतं ते. १९८६ च्या पाहणीत काझीरंगाचा ४१ टक्के भाग उंच गवताचा, ११ टक्के आखूड गवताचा, २९ टक्के विरळ झाडीचा आणि बाकी पाणी, दलदल नि वाळू असा हिशोब निघाला होता. नकाशावर हे सपाट दिसतं, पण हातभर उंचीच्या फरकाने सगळं बदलतं. नदीने नव्याने टाकलेल्या वाळूवर, म्हणजे चापोरीवर, पहिलं येतं काशाचं गवत. त्याच्यावर गाळ चढला तर गाडल्या गेलेल्या पेरांना मुळं फुटतात आणि ते पुन्हा वर येतं. बीलच्या, म्हणजे नदीने सोडलेल्या जुन्या पात्रांच्या तळ्यांच्या, काठाला नळ. तळी आटत जातात तसा उघडा पडणारा हिरवा गालिचा हरळीचा आणि लव्हाळ्यांचा. तो जळतच नाही, त्याला गेंडे, म्हशी आणि पाडा हरणं खाऊन आखूड ठेवतात. जरा उंचवट्यावर उलू नावाचं छपराचं गवत. त्याला आग मानवते, खोल पाणी मानवत नाही. एकाच जागी वर्षानुवर्षं आग लावत राहिलं आणि पूर तिथवर पोचेना, तर उंच गवतं मागे हटतात आणि उलूच उलू होतं. वाळासुद्धा इथे रानोमाळ आहे.

झाडांचं म्हणाल तर जाड सालीची तेवढी उघड्या गवतात उभी राहतात: काटेसावर, कुंभा, किन्हई. आपल्या राज्याचं फूल असलेलं ताम्हण इथे ओलसर पट्ट्यात भरपूर आहे. पाण्यात महिनोन्महिने पाय बुडवून उभं राहणारं हिजल मात्र आगीपासून लांब, तळ्याच्या कडेलाच. सावरीची गंमत बघा. तिची बोंडं एप्रिल-मेमध्ये फुटतात आणि कापूस उडत उडत नेमका नुकत्याच जळालेल्या मोकळ्या जमिनीवर बसतो. म्हणजे मोठ्या झाडांना आग मारत नाही आणि बियांना ती जागा करून देते. त्या रोपांना आवर घालतो तो पूर. जिथे पूर नीट चढत नाही त्या पट्ट्यांत सावरीची दाटी होताना मी पाहिली आहे, तिथे गवत विरळ होतं आणि मग आगसुद्धा नीट चालत नाही. तिथून पुढे ते रानच होणार.

जाळणं बंद केलं तर नुसतं रान वाढतं, एवढंच होतं असं नाही. दोन-तीन वर्षांचं वाळलेलं गवत साचतं आणि मग कोणाच्या तरी विडीने चैत्रात पेट घेतं, सगळीकडे एकदम, सगळ्यात वाईट वेळी. आणि पूर बंद झाला तर? बीलं जलपर्णीने भरून जातात. मोठा पूर ती जलपर्णी मुळासकट वाहून नेतो, मासे पुराबरोबर गवतात शिरून अंडी घालतात, गाळ नवा होतो. पुरात जनावरं मरतात हे खरंच आहे, १९८८ आणि १९९८ च्या पुरांच्या आठवणी इथले जुने वनरक्षक अजून काढतात, पण पुराशिवाय काझीरंगा काझीरंगा राहणार नाही. पूरही कायम तसाच असतो असं नाही. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपाने वरच्या डोंगरांच्या दरडी नदीत आल्या, पात्र गाळाने उचललं गेलं, आणि ब्रह्मपुत्रेचं वागणंच बदललं. जी गवतं आज दिसतात ती त्यानंतरच्या नदीची आहेत.

डोंगरवाट दादा, तुमच्या वणव्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. सह्याद्रीच्या उतारावर आगीनंतर पाणी येतं ते माती घेऊन जायला, गाळ घेऊन यायला नाही. तिथली झाडोऱ्याची घडण वेगळी आहे. काझीरंगाचा दाखला देऊन कोणी डोंगर पेटवत असेल तर त्याला खुशाल अडवा.

तुमचा अंड्यांचा मुद्दाही खरा आहे. बंगाल फ्लोरिकन, म्हणजे आपल्या तणमोराचा मोठा भाऊबंद, मार्चपासून जमिनीवर विणीला लागतो. म्हणून जाळायचं ते फेब्रुवारीपर्यंत उरकावं आणि तुकड्या-तुकड्यांनीच जाळावं, शेजारचा तुकडा त्या वर्षी शाबूत ठेवावा, असं मी ठामपणे म्हणते. सगळ्यांना आग मानवत नाही. पिग्मी हॉग हे फूटभर उंचीचं रानडुक्कर उंच गवताबाहेर जगूच शकत नाही. ते नामशेष झालं असं लोक धरून चालले होते. १९७१ साली बरनदीजवळ छपराच्या गवताला लागलेल्या आगीतून पळालेली काही डुकरं चहाच्या मळ्यात शिरली तेव्हा ती अजून आहेत हे कळलं. एकाच दिवशी सगळं रान पेटवलं तर अशा प्राण्याने जायचं कुठे?

तलावकाठ_साकोली

नमस्कार. मी ढिवर समाजाचा, भंडारा जिल्ह्यातला. आमच्याकडं मालगुजारी तलाव आहेत, पूर्वजांनी बांधलेले. आमच्या तलावात बेशरम माजली आहे. दर उन्हाळ्यात तलाव आटला की पोरं ती पेटवतात. वरून सगळं साफ दिसते, पावसाळ्यात पाणी भरलं की आधीपेक्षा दाट येते. लोहितकाठ ताई, तुम्ही म्हणता आग लागून मग पाणी आलं की झाड गुदमरतं. मग ही का गुदमरत नाही? आमच्या जाळ्यात आता मासा कमी, काड्याच जास्त.

लोहितकाठ

दादा, बरं झालं विचारलंत. बेशरमीचं खोड अर्धवट जळतं, त्याचा बुंधा राहतो, आणि कुठल्याही पेराला मुळं फुटू शकतात. शिवाय तुमच्याकडे तलाव भरायला वेळ लागतो, तोवर पहिल्या पावसावर बुंधे कमरेएवढे फुटलेले असतात. म्हणजे पाणी पोचतं तेव्हा तिचे शेंडे बाहेरच. काझीरंगाच्या नळाला जो अवधी तारतो तोच इथे बेशरमीला तारतो. पेटवल्याने उलट तिच्या आसपासची लहान पाणवनस्पतींची मुळं नि बिया भाजतात आणि तिला मोकळं रान मिळतं.

तिला आगीने नाही, उपटूनच काढावं लागतं. तलाव आटल्यावर मुळासकट खणायची, तुकडे तलावात एकही न ठेवता काठावर वाळवायची, आणि त्या जागेची नांगरट करून पाणी येण्याआधी तिथल्या मूळच्या पाणवनस्पती लावायच्या. तुमच्याच भागात काही गावांच्या मच्छीमार संस्थांनी हे करून मासे आणि पक्षी परत आणले आहेत. त्यांच्याकडे जाऊन बघा, पुस्तकापेक्षा ते जास्त सांगतील. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या उपयोगाची हे ज्ञान तुमच्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे, ते आधी लिहून घ्या.

विनायक_डार्विन

मी नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला राहतो. काकडू राष्ट्रीय उद्यान इथून गाडीने काही तासांवर आहे, आणि तिथे हा विषय रोजच्या बोलण्यातला आहे, म्हणून थोडी भर घालतो.

तिथल्या मूळ रहिवाशांचे, बिनिंज लोकांचे, वर्षाचे सहा ऋतू आहेत. पावसाळा संपून हवा थंडावते त्या येगे ऋतूत, मे-जूनच्या सुमारास, ते झाडीतलं गवत थोडं थोडं जाळायला सुरुवात करतात. पूरमैदानं तेव्हा ओली असतात, त्यांची पाळी पाणी हटत जाईल तशी नंतर येते. काठाकडून आत, सुकलेल्या पट्ट्यामागून पट्टा.

आशियातून आणलेल्या पाणम्हशी इथे रानटी होऊन हजारोंनी वाढल्या होत्या. जनावरांतल्या क्षयरोगाच्या निर्मूलनासाठी १९८० च्या दशकात त्या मोठ्या प्रमाणावर काढून टाकल्या. चरणारं तोंड गेल्यावर हायमेनॅकनी नावाचं तिथलंच एक पाणगवत पसरलं, काही ठिकाणी इतकं दाट की उघडं पाणीच उरलं नाही. साउथ ॲलिगेटर नदीच्या मैदानावर बिनिंज कुटुंबांनी पुन्हा पेटवायला सुरुवात केली. सुक्या ऋतूच्या शेवटी गवत जळतं, मग मोसमी पाणी त्या खुंटांवर चढतं. लोहितकाठ ताईंनी जे सांगितलं अगदी तेच. गवत मागे हटतं, कमळं आणि लव्हाळ्यासारखं एलिओकॅरिस वर येतं, आणि त्याचे कंद खणून खायला मॅगपाय हंस येतात. तिथे गवताला पाण्यात गुदमरवायचंच असतं, म्हणून आग मुद्दाम उशिरा. काझीरंगाच्या बरोबर उलट हिशोब.

आणि एक. आपल्याकडे पाणथळ जमिनीत वैरणीसाठी लावतात ते पॅरा गवत इथे मोठी डोकेदुखी झालं आहे. ते इतकं दाट माजतं की आग भलतीच तापते, आणि रानभात दबून जातो. रानभाताच्या दाण्यावर हंसांचं पोट चालतं. गावी गेलो की हे गवत बांधाला बघूनही आता अस्वस्थ वाटतं.

संध्या_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांना सांगायला किती मिळालं! एक शंका राहते. २०२० मध्ये ब्राझीलमधल्या पांतानालचे फोटो वर्तमानपत्रात आले होते, जळालेल्या मगरी आणि माकडं. तीही पाणथळ जागाच. ती आग चांगल्यातली की वाईटातली, असं मी आता विचारणार नाही. पण तिथे काय बिनसलं?

लोहितकाठ

पांतानालला मी गेलेले नाही, पण गवताच्या आमच्या जगात त्याच्यावर इतकं काम झालं आहे की ते ओळखीचं वाटतं. तिथे पॅराग्वे नदीचं पाणी अगदी कमी उतारामुळे हळूहळू पसरतं आणि हळूहळू उतरतं, काही भागांत वर्षाकाठी महिनोन्महिने उभं राहतं. १९६० च्या दशकापासून १९७३ पर्यंत ती मैदानं कोरडीच होती. १९७४ पासून पाऊस-पाणी वाढलं आणि कांबारा नावाचं झाड गवताळ कुरणांत घुसलं, कारण त्याच्या रोपांना बुडणं सोसतं. आग सोसत नाही. म्हणून ओल्या वर्षांच्या मालिकेत कांबारा पुढे सरकतो आणि कोरड्या, जळत्या वर्षांत मागे हटतो. करांदा नावाचा एक ताड मात्र दोन्ही सोसतो, त्याची बनंच्या बनं उभी असतात. म्हणजे आग तिथे नवखी नाही.

२०२० ला बिनसलं ते पाणी. आधीची वर्षं तुटीची गेली आणि त्या वर्षी पूर जवळपास आलाच नाही. एरवी पाण्याने भरलेले ओहोळ आणि तळी आगीला अडवतात, मैदानाचे तुकडे करतात. ते कोरडे पडल्यावर आग अडणार कशाला? नदीकाठची जंगलं, जी एरवी सहसा जळत नसत, तीही पेटली. एक चतुर्थांशाहून जास्त पांतानाल त्या वर्षी जळालं. प्राण्यांनाही पळून जायला ओली जागा उरली नव्हती.

आणि यापेक्षाही अवघड गोष्ट बोर्निओची आहे. मध्य कालिमंतानमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यावर इंडोनेशियाच्या सरकारने भातासाठी सुमारे १० लाख हेक्टर दलदलीच्या जंगलात कालवे खणले. तिथली जमीन मातीची नाही, पीटची आहे: हजारो वर्षांच्या अर्धवट कुजलेल्या पाल्यालाकडाचा, काही ठिकाणी कित्येक मीटर जाडीचा थर. कालव्यांनी पाणी काढल्यावर तो वाळला. १९९७ च्या एल निनोत पेटला. काझीरंगात आग जमिनीवरून जाते, इथे जमीनच जळते, धुमसत, आठवडेच्या आठवडे. मुळं जळाल्याने उभी झाडं कोसळली. आणि जमीन जेवढी जळाली तेवढी खाली गेली, म्हणून पुढच्या पावसात तिथे पाणी आधीपेक्षा खोल साचलं. झाडांची रोपं त्यात बुडून मेली. आले ते नेचे आणि लव्हाळे, जे पुढच्या दुष्काळात पुन्हा पेटले. २०१५ ला पुन्हा तेच. इथे आगीनेच पूर वाढवला आणि त्या पुराने पुढच्या आगीचं सरपण तयार केलं. ही साखळी तोडायला कालवे बुजवून पीट ओला ठेवणं एवढाच मार्ग आहे, आणि ते काम तिथे बऱ्याच ठिकाणी चालू आहे.

ताई, मुलांसाठी एक प्रयोग सुचवते. मिरजेला ओढ्याकाठी पाणकणीस मिळेल. मुळाच्या गड्ड्यांसकट दोन-चार रोपं काढून दोन बादल्यांत चिखलात लावा, चांगली रुजू द्या. मग दोन्हीकडची पानं सारख्याच उंचीवर, चिखलापासून वीतभर वर कापा. एका बादलीत पाणी खुंटांच्या बरंच खाली ठेवा, दुसरीत खुंट पूर्ण बुडतील इतकं भरा आणि तसंच भरलेलं ठेवा. मुलांना दर आठवड्याला नवे कोंब मोजून वहीत लिहायला सांगा. महिन्या-दीड महिन्याने दोन्ही गड्डे उपटून चाकूने चिरा आणि आतला रंग नि वास ताडून बघा. जाळायची गरजच नाही, कापल्यानेही तेच होतं. आकडे आले की इथे टाका, मी माझ्या नोंदींशी लावून बघेन.